दाक्षायणीचं इन्सुलिन

१९७८च्या उन्हाळ्यात माझ्या भावानं अमेरिकेहून एक गणकयंत्र आणलं. तळहाताएवढं, लाल आकडे दाखवणारं. हिशेबाची रीत त्यात एकदा भरून ठेवली की रक्तातली साखर किती ते घालायचं, ते इन्सुलिनचा डोस सांगायचं. मी तेव्हा सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टर होतो. आमचे मोठे डॉक्टर हसून म्हणाले, "आता नाडीही त्यालाच बघू दे."

त्याच आठवड्यात मल्लप्पांनी आपल्या मुलीला बेशुद्ध आणलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे चादरींचे माग होते. मुलगी दाक्षायणी, नुकतंच लग्न ठरलेली. तिला मधुमेह आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. श्वास खोल आणि जड चालला होता, त्याला नासत आलेल्या फळांचा वास.

"एकच लेक हाय, साहेब. वाचंल की?"

"प्रयत्न करतोय," मी म्हणालो.

सलाईन लावलं. रक्ताचा अहवाल यायला बराच वेळ लागायचा. पहिला आला, यंत्रानं डोस सांगितला, मी दिला. दुसऱ्याची वाट बघत असताना यंत्रावर आपोआप सहा उमटला. धक्का लागला असेल म्हणून मी तो पुसला. मग अहवाल आला, साखर घातली. उत्तर सहाच.

पुढच्या खेपेला मी यंत्र बंद करून टेबलावर ठेवलं.

"साहेब, ते आपआपच चालू झालं की," कमलम्मा सिस्टर म्हणाल्या.

चार. अहवालानंतरही चारच. कमलम्मांनी आपली खुर्ची टेबलापासून जरा लांब घेतली.

भर दुपारी वीज गेली. पंखा थांबला. प्रयोगशाळेतली तपासणीही. रक्त पाठवलेलं होतं, पण अहवाल येणार नव्हता.

गणकयंत्रावर शून्य होतं.

इन्सुलिन थांबवावं, तर साखर पुन्हा चढून मुलगी हातची जाईल. चालू ठेवावं, आणि साखर आधीच उतरली असेल, तरीही जाईल. तिच्या कपाळावर घाम होता. माझ्याही होता. तिचा घाम उकाड्याचा की साखर उतरल्याचा, कळेना.

मी इन्सुलिन बंद केलं. ग्लुकोज दिलं.

कमलम्मांनी तिचा हात धरला.

दाक्षायणीनं डोळे उघडले. "अव्वा, नीरु," ती कानडीत पुटपुटली. पाणी मागत होती.

मल्लप्पा दारातच खाली बसले आणि टोपी तोंडाशी धरून रडले. वीज आल्यावर अहवाल आला. साखर जीव जाण्याइतकी खाली गेली होती. मी बाहेर येऊन चहा घेतला. किती तरी वेळानं खांदे सैल झाले.

पुढच्या महिन्यात ती बापाबरोबर दाखवायला आली. चेहरा भरला होता. इन्सुलिनची सुई स्वतःच टोचून घेत होती. मल्लप्पा रिक्षा बघायला बाहेर गेले, तशी ती म्हणाली, "एक सांगू, साहेब? झोपंत मला कुणीतरी विचारायचं, 'आता किती देऊ?' मी सांगायची. शेवटी म्हटलं, आता नको."

"कमलम्मा असतील."

"त्यांचा आवाज वळखते की मी. ही दुसरीच बाई. लई मायेनं बोलायची."

चपला घालता घालता ती थांबली.

"जाताना तिनं तुमच्याकडं बोट केलं. म्हणाली, 'ह्यांना किती?'"

बाहेरून मल्लप्पांनी हाक मारली. तिनं पदर सावरला.

"मी काय बी सांगितलं न्हाय, साहेब."