काचेमागचा आवाज

राजस मला पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा. छातीचा एक्स-रे काढताना माणूस तसाच उभा असतो — हनुवटी स्टँडवर, हात कमरेवर, खांदे पुढे. नुकतेच केस कापलेली मान आणि उजव्या खांद्यावरचा एक तीळ... माझी त्याच्याशी ओळख झाली ती एवढ्यावर.

परळच्या त्या हॉस्पिटलात फिजिओथेरपीच्या नव्या इंटर्न मुलांची तपासणी चालू होती. फिजिक्समध्ये बी.एस्सी. करून मी तिथे रेडिओग्राफीच्या डिप्लोम्याला आले होते. त्याच्याजवळ जाऊन मी समजावलं, की आता श्वास घ्यायचा, रोखायचा, आणि मी ‘सोडा’ म्हणेपर्यंत सोडायचा नाही. मग शिशाच्या काचेमागे जाऊन बटण दाबलं. स्क्रीनवर चित्र उमटलं. फासळ्यांच्या स्वच्छ कमानी, मधे किंचित डावीकडे झुकलेली हृदयाची सावली. मी ‘सोडा’ म्हटलं आणि त्या सावलीकडे बघत राहिले.

वर पाहिलं तर काचेपलीकडे त्याचे कान लालबुंद झाले होते. मी धावत गेले.

“अहो, सोडा श्वास.”

त्याने भस्सकन श्वास सोडला आणि वळला. “तुम्ही आता म्हणालात.”

“मघाशीच म्हणाले होते.”

“कुठे? मनात?”

मला राग यायला हवा होता. पण तो धापा टाकत हसत होता, आणि त्याचं म्हणणं खरं होतं. माझा आवाज काचेच्या पलीकडे जातच नव्हता. त्याच्यासारखे आज्ञाधारक पेशंट थोडे. बाकीचे भलत्या क्षणी श्वास घ्यायचे आणि चित्र पुसट यायचं. पुसट चित्र म्हणजे पुन्हा एक्स-रे, म्हणजे त्या माणसाच्या अंगात विनाकारण दुप्पट किरणं. आमच्या इनचार्ज कालिंदी मॅडमनी मला स्पष्ट बजावलं होतं, की प्रॅक्टिकलला एक जरी चित्र हललं, तरी त्या मला पास करणार नाहीत. हात चांगला आहे तुझा, असंही म्हणाल्या. पण पेशंटला हात ऐकू येत नाही.

हे सगळं मी राजसला कँटीनमध्ये कधी सांगितलं, मलाच कळलं नाही. आम्ही चिंचपोकळीच्या चाळीत एका खोलीत राहतो. पप्पा रात्रपाळीला सिक्युरिटीत, दिवसा झोपतात. माझ्या लहानपणापासून घरात सगळे कुजबुजत बोलतात. आई भांडी फडक्यावर ठेवते, आणि कुकर लावते तो पप्पा उठल्यावर.

“आणि नाव नूपुर,” तो म्हणाला. “वाजत तर नाही.”

“पायात असतात ते. ऐकायला वाकावं लागतं.”

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि टेबलावर वाकला. मग म्हणाला की आवाज हे शेवटी स्नायूंचंच काम, आणि स्नायू त्याच्या खात्यात येतात.

तो ठाकूरद्वारचा. म्हणून शिकवणी गिरगाव चौपाटीवर, ड्यूटी सुटल्यावर. ओहोटीने मागे सरकलेलं पाणी, ओल्या वाळूत उतरलेलं केशरी आभाळ... आणि त्यात तो लांब उभा, माझ्याकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून. मी सांगेन ते ऐकू आलं तरच करायचं, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी तो नुसताच उभा राहिला.

“गळ्यातून नको काढूस गं,” परत येऊन म्हणाला. “पोटातून. इथून.” त्याने तळवा स्वतःच्या पोटावर ठेवला. माझ्यावर ठेवला नाही, आणि ते मला आवडलं, आणि थोडं नाहीही आवडलं.

एका संध्याकाळी माझा आवाज निघाला. श्वास घ्या... रोखून धरा. राजसचे खांदे वर गेले. बाजूने फिरायला चाललेले एक आजोबाही छाती फुगवून जागच्या जागी थांबले. घाईघाईने मी दोघांना सोडलं.

“बघ,” राजस म्हणाला, “प्रॅक्टिस वाढायला लागली तुझी.”

आम्ही इतके हसलो की वाळूत बसावं लागलं. हसू ओसरल्यावर त्याने सांगितलं, की पुढची पोस्टिंग नाशिकला आहे. माझ्या परीक्षेच्याच दिवशी निघायचं. मी पाण्याकडे बघत ‘हो का’ म्हटलं — जुन्या आवाजात.

परीक्षेच्या आदल्या दुपारी घरी बसून शब्द घोकत होते. माझं भान सुटलं आणि खणखणीत निघालं, “रोखून धरा.” आईच्या हातातला डाव थांबला. पप्पा जागे होऊन बघत होते.

“परत म्हण,” ते म्हणाले.

मी म्हटलं. पडल्या पडल्या त्यांनी छाती भरून श्वास घेतला, धरला. मी ‘सोडा’ म्हटल्यावर सोडला.

“मला वाटायचं तू आईवर गेलीस,” ते म्हणाले. “हा तर माझा आवाज.” आणि कुशीवर वळून झोपले.

परीक्षेत माझ्या वाट्याला गंगुबाई आल्या, कानाने जरा मंद, भेदरलेल्या. त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं, मग काचेमागे गेले. आवाज पोटातून आला. स्क्रीनवर फासळ्यांच्या कडा पेनने काढल्यासारख्या उमटल्या. कालिंदी मॅडमनी चष्मा लावून चित्र पाहिलं, बाहेरून आलेल्या परीक्षकांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “नेक्स्ट.” त्यांच्या तोंडून एवढंच येणं म्हणजे पास.

राजस बाहेर जिन्यावर उभा होता. खांद्यावर सॅक. त्याला खालपर्यंत ऐकू आलं होतं म्हणे. तो फार आनंदात होता, आणि फार वेळ बोलत राहिला. मग त्याने सॅकचा पट्टा सावरला.

“चला,” म्हणाला. “आता तुला माझी गरज नाही.”

“एक सांगायचं राहिलंय.”

तो चार पायऱ्या खाली उतरून वळला, कमरेवर हात ठेवून. “सांग. मोठ्याने.”

मी श्वास घेतला. मान हलवली.

“नाही... हे मोठ्याने नाही. तू जवळ ये.”

तो एकेक पायरी चढत आला. मी आमच्या खोलीतल्या आवाजात सांगितलं. नेमकी तेव्हाच खालून एक बस हॉर्न वाजवत गेली. तरी त्याने ‘काय’ म्हणून विचारलं नाही. सॅक काढून पायरीवर ठेवली, आणि म्हणाला, “नाशिक काही लांब नाही गं.”