बॉयलरमधून आलेली ओ

ही थाप आहे असं ज्याला वाटतं, त्याने अमरावतीला जाऊन वकारला भेटावं. तो आता बडनेरा रोडवर गॅरेज चालवतो. मात्र त्याला पाठीमागून हाक मारू नये.

प्रकार गेल्या मे महिन्यातला. अकोल्याजवळच्या एका वीज प्रकल्पातला, आणि तोही भर दुपारचा. भुतं रात्रीच निघतात हे कुणी ठरवलं कोण जाणे!

वकार तिथे बॉयलरवर होता. बॉयलर म्हणजे इमारतीएवढी उंच लोखंडी भट्टी. आधी मोठे पंखे लावून आत हवा सोडायची, मग तेलाचा जाळ करायचा, आणि जाळ धरला की कोळशाची पूड. पण त्याही आधी एक रीत असते. सफाईची माणसं बाहेर आली की भट्टीच्या झडपेत, म्हणजे माणूस आत शिरेल एवढ्या लोखंडी दारात, तोंड घालून तीनदा हाक मारायची. आतून ओ आली नाही, तरच झडप लावायची.

आदल्या वर्षी राख काढायला गेलेला डोमाजी आतच राहिला.

झडप लागली. पंखे सुरू झाले. मग जाळ…

सुपरवायझर केशवराव चौकशीत म्हणाले, "मी तीनदा हाक मारली. पिऊन पडला असेल."

डोमाजी जन्मात दारूला शिवला नव्हता. पण मेलेल्याची बाजू कोण घेणार? वकार त्या दिवशी तेल्हाऱ्याला बहिणीच्या लग्नात होता. दोस्ताच्या नावाला लागलेला बट्टा त्याला जेवू देईना.

त्यानंतर भट्टी केशवरावांना दाद देईना.

हवा पुरेशी. कोळसा कोरडा. दुसऱ्याच्या पाळीत सगळं सुरळीत. केशवराव आले की जाळ धरायचा… आणि कुणी फुंकर मारावी तसा विझायचा.

मे महिन्यात पुन्हा तेच झालं. भट्टी थंड केली, आत माणसं पाठवली. दोष सापडला नाही. सगळे बाहेर आले, मोजून झाले. केशवराव झडपेशी वाकले. या वेळी सगळ्यांदेखत, चांगले मोठ्याने.

"आत कोनी हाय का?"

शांतता.

"हाय का कोनी?"

शांतता.

"कोनी हाय का?"

"हाव… मी हाओ ना, साहेब."

वकारच्या हातातली बॅटरी खाली पडली. या आवाजासोबत त्याने वर्षानुवर्षं डबा खाल्ला होता.

केशवराव भडकले. "वकार, मस्करी करून राहिला का बे?"

वकार त्यांच्या शेजारीच उभा होता, तोंड मिटून. सगळे बघत होते. केशवरावांनी बॅटरी उचलली आणि खांद्यापर्यंत आत डोकं घातलं.

आतून अगदी सावकाश आवाज आला…

"त्या दिवशी हाक कावून नाई मारली, साहेब?"

"घाई होती रे! वरून फोनावर फोन! नाई मारली मी हाक… डोमाजी, सोड मले!"

सगळ्यांनी ऐकलं.

पंखे बंद होते. तरी हवा आत ओढली जात होती. केशवरावांचं हेल्मेट आत गेलं, पायाखालची राख आत गेली. चौघांनी पाय धरून खेचलं, तेव्हा ते सुटले. अंगावर ओरखडा नव्हता.

पण श्वास आत जात नव्हता.

दवाखान्यात नळी लावली. सिलिंडर भरलेलं, नळी नीट, तरी छाती फुलेना. डॉक्टर चक्रावले.

दुसऱ्या दिवशी वकार भातकुलीला गेला. डोमाजीची बायको सुंदराबाई घरात डाळ निवडत होती.

"भाभी, त्यानं समद्यायसमोर कबूल केलं. डोमाजीचं नाव साफ झालं. आता तुमीच सांगा डोमाजीले, सोड म्हना. मानूस मरून राहिला."

तिने सूप बाजूला ठेवलं.

"वकारभाऊ, माह्या मानसाले जित्तं जाळलं. वरून दारुडा म्हनलं. दारुड्याची पोरगी म्हनून पायलचं लगन मोडलं."

मग तिने मान वर केली. वकारकडे नाही… त्याच्या खांद्यावरून, पाठीमागे.

"सोडू नोका त्याले, तुमी."

वकारच्या मानेवर गरम हवेचा झोत आला. मागे बंद दार होतं.

तेवढ्यात फोन वाजला. केशवराव गेले होते.

सुंदराबाई पुन्हा डाळ निवडायला लागली.

आणि वकारला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. त्याला आजही झोप लागत नाही, ती त्या आवाजाने नव्हे, या बरं वाटण्यानेच.