टेमकरांच्या आधी कोण?

नारायणगावात माझा स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. बुद्धिमत्ता चाचणी शिकवते. त्या दिवशी प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढल्या, गठ्ठा मांडीवर घेतला आणि निमगाव सावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. काम एवढंच होतं. मी यशोधरा डोळस. आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. चौकात कुणी उतारा टाकला तर त्यातल्या लिंबाचं सरबत करून पिणारी माणसं आम्ही. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा, पण शेवटी हसा.

आमच्या वस्तीची विहीर सामाईक आहे. वाटेकरी पुष्कळ, म्हणून पाणी पाळीनं घ्यायचं. मोटारीच्या खोलीत सगळ्यांचे स्टार्टर ओळीनं लावलेत आणि चुकून दुसऱ्याचं बटण दाबलं जाऊ नये म्हणून प्रत्येकावर आडनावाचं पहिलं अक्षर रंगवलंय.

त्या उन्हाळ्यात ही विहीर माणसं ओढायला लागली. आधी कांबळे पडले, मग गायकवाड, मग चव्हाण, मग जाधव. हाडं मोडली, पण ते चौघे वाचले. त्यांच्यानंतर भागू टेमकर पडला, तो मात्र गेला. वाचलेले सगळे एकच सांगत होते. दिवेलागणीला विहिरीतून घरच्याच माणसानं हाक मारली.

आता पाणी म्हटलं की आमच्या लोकांच्या डोक्यात पाळीशिवाय दुसरं काही येत नाही. म्हाताऱ्या धर्माजी तांब्यांनी सांगून टाकलं, "टेमकरामागं पाळी माझी. आता मलाच न्यायला येनार." झालं. रोज संध्याकाळी सगळी वस्ती तांब्यांच्या ओट्यावर राखणीला बसू लागली.

जीपमध्ये माझ्या शेजारी आमच्याच वस्तीतली उज्ज्वला खरात होती. ती हळूच म्हणाली, "ताई, कांबळ्यांमागं पाळी तर आमची असती. तरी आमाला सोडलं अन् गायकवाडांना धरलं. असं का वं?"

मी पडलेल्यांच्या स्टार्टरवरची अक्षरं आठवू लागले. म्हणजे हे पाळीनं चाललेलं नव्हतंच! क, ग, च, ज, ट. मुळाक्षरं डोळ्यांपुढं धरली. क घेतला, ख सोडला. ग घेतला, घ आणि ङ सोडले. च घेतला, छ सोडला. ज घेतला, झ आणि ञ सोडले. एकदा एक सोडायचं, एकदा दोन. ट नंतर एक सोडायचं, म्हणजे ठ. ठोकळ सुटले. त्याच्या पुढचं अक्षर ड.

वाटेकऱ्यांत ड एकच होता. आमचा.

मुलांना मी हे रोज फळ्यावर शिकवते आणि स्वतःच्या विहिरीवर मला दिसू नये! घरी माझे वडील, आप्पा, एकटे. लाईट संध्याकाळी येणार, तेव्हा मोटार चालू करायला जातो, असं सकाळीच म्हणाले होते. फोन लावला तर उचलेनात. फोन घरी चार्जिंगला ठेवून जायची त्यांची सवय.

"नवनाथभाऊ, दाबा जरा, राव!" मी ड्रायव्हरला ओरडले.

वस्तीवर उतरले तेव्हा दिवस मावळला होता. तांब्यांच्या ओट्याकडून माणसांचा गलका ऐकू येत होता. विहिरीकडे मात्र चिटपाखरू नव्हतं. बांधावर टाकलेल्या टोमॅटोचा आंबूस वास, त्यात शेवाळाचा गार वास मिसळलेला. लाईट अजून आलेली नव्हती, तरी खोलीत एक मोटार हलकेच घुमत होती...

आप्पा काठावर उभे होते, खाली वाकून.

"आप्पा..." खालून हाक आली. "हात द्या, आप्पा..."

आवाज माझा होता. माझा, अगदी माझा! मी बांधावरून ओरडले, "आप्पा, मी इकडं आहे! मागं फिरा!"

"आप्पा, मी इकडं आहे..." विहीर म्हणाली.

आप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं. अंधारात त्यांना नुसती सावली दिसली असणार. ते पुन्हा वाकले. "येतो पोरी... घाबरू नगं..."

मी भीतीनं अर्धमेली झाले होते, पण डोकं चालू होतं. हे जे काही आहे ते पुढं पुढं जातंय. एक सोड, दोन सोड, पुढचा धर. त्याला मागं वळता येतं का?

"आप्पा, दोघींनाही विचारा! टेमकरांच्या आधी कोण पडलं?"

आप्पा थबकले. मग कापऱ्या आवाजात म्हणाले, "सांग पोरी... टेमकराच्या आधी कोन?"

विहिरीतून लगेच उत्तर आलं, अगदी लाडात.

"डोळस... डोळस..."

"जाधव!" मी जीव खाऊन ओरडले. "आप्पा, जाधव!"

आप्पा झटक्यात मागं आले आणि धपकन मातीत बसले. मी धावत जाऊन काठावर उभी राहिले, पाण्याकडे बोट केलं. "मागचं येत नाही ना तुला? मग जा! नापास!" खाली काहीतरी दगडासारखं बुडालं आणि मोटारीची घरघर बंद पडली.

त्यानंतर आजवर त्या विहिरीत कुणी पडलेलं नाही. धर्माजींनी गावभर पेढे वाटले. माझी ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली, लाजेनं मेले मी, पण उतरले नाही! क्लासला आता बसायला जागा नसते.

मिरवणुकीच्या संध्याकाळी आप्पा गुलालानं लाल होऊन खाटेवर बसले होते. दंडावरून हात फिरवत म्हणाले, "लई हुशार हायेस पोरी. पन येक सांग. बांधावरनं 'जाधव' वरडलीस, त्याच्या आदीच माज्या कानाशी येऊन तेच का बोललीस? अन् मला मागं वढलंस तवा तुजा हात येवढा गार कसा व्हता?"

मी त्यांच्यापाशी पोचले तेव्हा ते मातीत बसलेले होते.