लाइव्हमधून काढलेली ओळ

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये, मागच्या मार्चमध्ये, भर दुपारी हे माझ्यासोबत घडलंय.

मी धम्मदिना. तिथल्या मालाच्या लिफ्टचं सॉफ्टवेअर मी आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या विकीनं जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं. दार बंद असल्याशिवाय लिफ्ट हलायची नाही, असा नियम. टेस्टिंगपुरता तो नियम टाळणारा एक तुकडा मी लिहिला होता. लाइव्हचं बिल्ड, म्हणजे खऱ्या लिफ्टवर चालणारी प्रत, काढताना प्रॉडक्शनचं सेटिंग लावलं की असला कोड आपोआप गळतो.

बिल्ड विकीनं काढलं. घाईत सेटिंग लावलंच नाही.

मी विचारलं होतं हो. "गेला ना रे तो तुकडा?"

"गेला गं बाई, किती वेळा विचारशील?"

तीन दिवसांनी दार उघडं असतानाच लिफ्ट वर सरकली. वरच्या मजल्यावर रघू हमालानं गोणी घेऊन आत पाय टाकला, आत लिफ्टच नव्हती.

जागेवर गेला.

कोडवर नाव माझं. मालकासमोर विकी म्हणाला, "दिनाच बोलली, राहू दे म्हणून."

सहा वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. माझ्याकडं बघून बोलला, हरामखोर.

तो तुकडा मग मीच पुसला. नवं बिल्ड काढून त्यात शोधलं. शून्य. लिफ्टची वीजसुद्धा तोडली होती.

त्या दुपारी सगळे जेवायला गेले. ऑफिसच्या खोलीत लॅपटॉपसमोर मी एकटी.

आणि... लिफ्टची मोटर घरघरली.

बाहेर जाऊन बघितलं. लिफ्ट हललीच नव्हती.

परत आले तर स्क्रीनवर ओळ... "टेस्टिंग चालू. दार तपासलं नाही."

त्याच तुकड्यातली माझी ओळ. पुसलेली.

नेट काढलं. ओळ परत आली.

मग सगळे आवाज थांबले. पंख्याचासुद्धा... वर बघितलं, पंखा फिरत होता.

माझा धीर सुटला. म्हटलं, "रघूदादा, मी नाही. विकीनं केलं. आईशपथ."



मग एक ओळ उमटली. ही मी कधीच लिहिली नव्हती.

"विकी माझे मयतीला आलता. खांदा दिलान. तू न्हाय आलीस."

खरंय. लोक मारतील या भीतीनं मी घरात दार लावून बसले होते.

नोकरी सोडली. विकी तिथंच आहे, टीम लीडर झालाय. 

मेलेल्या माणसानंही त्याचंच ऐकलं. आता मी खरं सांगू तरी कुणाला?