काढ्याची रेष

चिरलेलं वांगं पाण्यात टाकलं नाही, तर काळं पडतं.

मुलुंडमध्ये बागेबाहेर सकाळी कारल्याचा रस पिणारे लोक पिताना एकमेकांकडे बघत नाहीत.

हैदराबादची बदली हवी की नको, हे किरणनं सोमवारपर्यंत ऑफिसला कळवायचं होतं.

हसताना गंधालीच्या फक्त उजव्या गालावर खळी पडते.

*

वांगं गंधालीचं. घाटकोपरच्या एका कॉलेजात ती पीएच.डी. करत होती. औषधी वनस्पतींमधले अँटिऑक्सिडंट मोजणारा सेन्सर, हा तिचा विषय. ज्या एन्झाइममुळे वांगं काळं पडतं, तेच तिनं करंगळीएवढ्या पट्टीवर बसवलं होतं. पट्टीवर काढ्याचा थेंब टाकायचा. एन्झाइम त्यातल्या अँटिऑक्सिडंटना गाठतं, इवलासा विद्युतप्रवाह वाहतो, आणि लॅपटॉपवर एक रेष चढते. रेष जितकी उंच, तितका काढा दमदार.

बागेबाहेरचा स्टॉल किरणचा. म्हणजे त्याच्या आईचा, नंदामावशींचा. सकाळी तो आईला मदत करायचा, मग ऐरोलीला ऑफिस.

पहिल्या दिवशी गंधालीनं रिकामी बाटली पुढे केली.

"गुळवेलीचा काढा द्या. यात."

"पार्सल नाही देत. गरम गरम इथंच प्यायचा."

"मला प्यायचा नाहीये."

"मग काय, केसांना लावणार?"

"वांग्याला पाजणार."

किरणच्या हातातली पळी तशीच राहिली… आणि रांगेतल्या काकांनी पहिल्यांदाच मान वर करून दोघांकडे बघितलं.

*

ती पुन्हा आली. मग पुन्हा. काढा, तुळशीचा रस, गव्हांकुर. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणालाच सांगता येणार नाही. बहुतेक ती "अरे, सांडतोयस!" म्हणाली, तेव्हा. सांडत होता खरा. तो बाटलीकडे बघतच नव्हता.

*

"आईचा काढा बाटलीत भरून नीट विकायचाय मला," एकदा तो म्हणाला. "नोकरी सोडून. पण त्यात नुसतं पाणीच निघालं, तर लोकांना काय सांगू? तसं असेल, तर मी आपला हैदराबादला."

"म्हणजे तू राहणार की जाणार, ते माझी पट्टी ठरवणार?"

"तुझं वांगं ठरवणार."

तिनं हसायचा प्रयत्न केला.

घाटकोपरला थेंब टाकला. रेष जेमतेम हलली. नवी पट्टी घेतली. पुन्हा तेच. आकडा थोडा वाढवून सांगितला असता, तर कुणाला कळलं असतं?

तिला.

तिनं फोन करून खरं ते सांगितलं. पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय," किरण म्हणाला.

*

शनिवार. लॅबमध्ये दोघंच. किरणनं काढा थर्मासमधून आणला होता. तिनं तो निववला, थेंब टाकला. घड्याळाकडे बघत राहिली.

"झालं एक मिनिट. हा आकडा."

"एवढासाच?"

"एवढासाच."

रेष: सपाट.

"तुझं वांगंच किडकं असेल."

"त्याच वांग्याचं घरी भरीत झालं. बाबांनी दोनदा घेतलं."

रेष: सपाट. मशीन बंद करायचं राहिलंच होतं.

"मग… हैदराबाद," तो म्हणाला.

"बिर्याणी चांगली मिळते तिकडे."

"रडतेस काय?"

"नाही. टेबलावरचा तो गवती चहा झोंबतोय."

"गवती चहा कुणाला झोंबत नाही."

"मला झोंबतो! तुला काय करायचंय?"

रेष: सपाट.

"खोटा आकडा दिला असतास ना, तर राहिलो असतो मी."

"आणि मग मी रोज तुझ्या तोंडाकडे बघून खोटं बोलले असते?"

"रोज?"

"म्हणजे… कधीमधी. सॅम्पल घ्यायला येते तेव्हा."

"रोज म्हणालीस यार तू."

"चुकून."

"पुन्हा चूक ना."

ती हसली. खळी पडली. तो बघत राहिला. रेषेकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

रेष: किंचित वर.

रेष: अजून वर.

"ए… हे काय चढतंय?" किरणनं बोट दाखवलं.

"वायर सैल झाली असेल." तिनं वायर दाबली. रेष चढतच राहिली, संथ, ठाम. तिच्या आधीच्या सगळ्या नमुन्यांच्याही वर.

गंधाली खुर्चीत बसली. मग ताडकन उठली.

"लिंबू!"

"काय?"

"चिरलेल्या फोडीवर लिंबू पिळलं, की ती काळी पडत नाही ना? 'क' जीवनसत्त्व! एन्झाइम काम करतं, आणि हे जीवनसत्त्व लगेच त्यावर बोळा फिरवतं. ते संपेपर्यंत रेष उठतच नाही. आणि मी मेली प्रत्येक वेळी एका मिनिटात बंद करत होते! किरण, तुमच्या काढ्यात लिंबू आहे?"

"नाही."

"आईला विचार."

त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"आई, काढ्यात आंबट काय घालतेस गं?"

"वाळलेला आवळा. मूठभर. का रे?"

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी पातेल्यात वाकून बघितलंस? नुसती पळी फिरवतोस नि गप्पा मारतोस. कोण आहे तिथे? ती वांगेवाली का?"

गंधालीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"हो, तीच," किरण म्हणाला.

"मग आवळा बघत काय बसलास, मेल्या," असं म्हणून नंदामावशींनी फोन ठेवला.

*

पंख्याची घरघर. कपाटाच्या काचेत दोघंही लाल.

"हा आकडा अजून पक्का नाही हं," ती लॅपटॉपकडे बघत म्हणाली. "परत परत मोजावं लागेल."

"म्हणजे मला परत परत यावं लागेल?"

"थर्मास कोण आणणार मग?"

"आणि सोमवारी? ऑफिसला काय कळवू?"

"कळव… की नाही जात."

"काढ्यासाठी?"

तिनं मशीनचं बटण बंद केलं. मग उगाच वायर गुंडाळली. मग सोडली.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "काढ्याचं मागाहून बघू."

किरणनं तिच्या हातातली वायर काढून टेबलावर ठेवली. हात मात्र धरूनच ठेवला.

"बाहेर चहा पिऊ या?" तो म्हणाला. "साधा. साखरेचा. अजिबात न मोजता."

*

आधीच्या शनिवारीही किरण, थर्मास न घेताच, कॉलेजच्या गेटपर्यंत आला होता आणि वॉचमनला किती वाजले ते विचारून परत गेला होता.