हॅरिएटबाईंचं इंग्रजी

वैदेहीला मुलगा झाला, ते २०४८ साल. त्याच महिन्यात तिची आई, अनसूया वाघचौरे, ब्रिटिश नागरिकत्वाच्या भाषापरीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली. लेस्टरच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढण्यात तिची उमेदीची वर्षं सरली होती. आता नवा कायदा आला होता: नागरिक व्हा, नाहीतर परत जा. तिसरी संधी शेवटची. ती हुकली की नातवाचं वाढणं संगमनेरला बसून पडद्यावरच बघायचं.

जानेवारीत ती पुन्हा प्रयोगशाळेतल्या खुर्चीत येऊन बसली. रात्रपाळी करून तशीच आली होती. पाय सुजले होते, डोळे मिटत होते. डॉ. नील आगाशे यांनी तिच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली.

"मावशी, बोलायचं काहीच नाही. नुसतं ऐका."

"मागेही नुसतंच ऐकलं होतं, डॉक्टर. ऐकून नापास होणारी जगात मीच असेन."

परीक्षाधिकारी क्लेअर होल्ट या पदावर नवीन होत्या. त्यांनी विचारलं, "ही टोपी नेमकं मोजते काय?"

"अर्थधक्का," आगाशे म्हणाले. "भाषा येत असली की मेंदू पुढचा शब्द आधीच ताडून ठेवतो. 'मी चहात साखर घातली' म्हटलं की तो स्वस्थ असतो. 'मी चहात मोजे घातले' म्हटलं की दचकतो. हा धक्कामापक तेवढा दचका टिपतो. पाठांतराचा उपयोग नाही, उच्चार आड येत नाहीत, सोंग आणता येत नाही."

"आणि भाषा येत नसेल तर?"

"मग साखर काय आणि मोजे काय, सारखंच. दचका नाही."

वाक्यं सुरू झाली. पोस्टमन पत्र खाऊन गेला. आईने बाळाला इस्त्री केली. अनसूया शांत बसून होती. शेवटी पडद्यावर तीच ओळ उमटली: या व्यक्तीला इंग्रजी येत नाही.

"मला वाईट वाटतं," होल्ट म्हणाल्या.

टोपी काढायच्या आतच अनसूयाचा फोन वाजला. आश्रमातून नर्स बोलत होती. हॅरिएट प्रिंगल जेवत नव्हत्या, अनसूयालाच बोलवा म्हणून हटून बसल्या होत्या. हॅरिएटबाई एके काळी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांचं डोकं जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"अनसूया, आगगाडी किटलीत राहिली गं!" फोनमधून रडका आवाज आला.

"राहू दे, बाई," अनसूया इंग्रजीत म्हणाली. "उशी तिला आणेल. तोवर दोन चमचे खिडकी खा."

"साखर घालून?"

"मोजे घालून. तुम्हाला आवडतात तसे."

म्हाताऱ्या बाई हसल्या. मग नर्सने फोन घेतला. "त्या जेवायला लागल्या, थँक यू." या साध्या वाक्यावर पडद्यावरची रेषा ताडकन उसळली.

आगाशेंनी खुर्ची ओढली. "मावशी, तुम्ही इंग्रजी शिकलात कुठे?"

"शिकते कुठली! बाजार बेलग्रेव्ह रोडवर, तो गुजरातीत. कामाच्या सूचना मनगटावरच्या यंत्रात मराठीतून येतात. डॉक्टरकडे लेक बरोबर असते. इंग्रजी बोलते ती या म्हाताऱ्यांशीच. आमच्याकडे नियमच आहे, त्यांचं वाक्य खोडायचं नाही. ते म्हणतील त्याला हो म्हणायचं आणि तसंच पुढे न्यायचं."

आगाशेंनी आधीच्या दोन्ही परीक्षांच्या रेषा काढल्या आणि कपाळाला हात लावला. "आपलं यंत्र फक्त मोज्यांवरचा दचका शोधतं. या बाई साखरेवर दचकतात! दर वेळी, न चुकता. भाषा येत नसती तर कशावरच दचकल्या नसत्या."

"पण कायद्याला लागतं जन्मजात इंग्रजासारखं इंग्रजी," होल्ट म्हणाल्या.

"कोणत्या इंग्रजासारखं, ते कायद्यात कुठे लिहिलंय?"

हॅरिएटबाईंच्या भाचीची परवानगी घेऊन दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपी आश्रमात नेली. हॅरिएटबाईंनी ती आरशात बघितली. "माझ्या लग्नाचा केक," त्या खूश होऊन म्हणाल्या.

"मेणबत्त्या मी धुऊन ठेवल्यात," अनसूया म्हणाली.

वाक्यं संपली. यंत्राने निकाल दिला: या व्यक्तीला इंग्रजी येत नाही.

होल्ट पलंगाच्या कडेवर बसल्या. जिने दोन पिढ्यांना इंग्रजी शिकवलं, तिच्याबद्दलचा हा निकाल त्यांनी दोनदा वाचला. मग आगाशेंनी एकीची रेषा दुसरीच्या रेषेवर ठेवली. चढाला चढ, उताराला उतार बसला. होल्टनी अनसूयाचं प्रमाणपत्र पुढे ओढलं. त्यांनी सही केली.

प्रमाणपत्रावर यंत्राने आपल्या पद्धतीप्रमाणे तळाशी नोंद छापली: हे इंग्रजी जाणणाऱ्या ज्ञात व्यक्ती, दोन.

शपथविधी नगरभवनात दुपारी झाला. महापौर स्वच्छ, नीटनेटकं बोलले आणि प्रत्येक वाक्याला अनसूया दचकली. वैदेहीच्या कडेवर नातू झोपला होता. "आई, आता तरी हस," वैदेही म्हणाली. अनसूयाने सुजलेले पाय चपलांतून बाहेर काढले आणि म्हणाली, "हॅरिएटबाईंची खोली आवरायची राहिलीय."

हॅरिएट प्रिंगल त्याच दिवशी सकाळी, गुरुवार, ११ मार्च २०४९ रोजी वारल्या.