वाजवून बंद करायचं दार

गोष्ट खोटी वाटली तर खुशाल सोडून द्या. मी शपथा घेत बसणार नाही. पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सख्खे भाऊजी आहेत आणि तेव्हा शेजारी माझी ताई उभी होती. ताई उगाच काही बोलणाऱ्यातली नाही.

रात्र नव्हती. अमावस्या तर नव्हतीच. रविवारची उतरती दुपार, लख्ख ऊन.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

भाऊजी दर रविवारी हौशी लोकांना समुद्रकाठाने फिरवून आणायचे. जुन्या धक्क्यापासून निघायचं, जकातीची पडकी कचेरी बघायची, मग दोरखंडाचा कारखाना, मग माशांच्या तेलाची गिरणी, शेवटी दीपगृह. सगळं कधीच बंद पडलेलं. गंज, गवत आणि कबुतरं. पण भाऊजी बोलायला लागले की तिथले भोंगे पुन्हा वाजताहेत असं वाटायचं. माणूस भलता बोलघेवडा. तिखटमीठ लावल्याशिवाय त्यांना साधा पत्तासुद्धा सांगता येत नाही.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे दीपगृहाच्या अलीकडचा बर्फाचा कारखाना.

तिथे बर्फ साठवायची खोली होती. तिला वीतभर जाड दार आणि कडी फक्त बाहेरून. आत माणूस राहिला तर संपलंच. म्हणून तिथे एक शिस्त होती. दार लावणाऱ्याने कडी घातली की लोखंडी दांडक्याने दारावर वाजवायचं. कान लावायचा. थांबायचं. आतून ठोकलं की उघडायचं, मग कितीही उशीर झालेला असो.

हमाल मात्र पक्के चावट. बाजूच्या भिंतीआड दडून ठोकायचे. दारवाला घाबरून दार उघडायचा, आत कोणी नाही, आणि बाहेर सगळे पोट धरून हसायचे.

एका संध्याकाळी असंच ठोकणं ऐकू आलं. दारवाला वैतागला. "पुरे झाली मस्करी," म्हणाला आणि घरी निघून गेला.

सकाळी दार उघडलं तेव्हा आत 'गोणपाट' होता. हा हमाल पाठीवर कायम गोणपाट घ्यायचा, म्हणून ते नाव. दाराला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला.

एवढं ऐकून कोणाच्याही अंगावर काटा यावा. पण भाऊजींचं तेवढ्यावर भागत नसे. गोष्ट संपली की ते दारावर दांडकं वाजवायचे, दाराला कान लावायचे, डोळे मोठे करायचे... आणि हळूच टाचेने दारावर दोनदा मारायचे.

ठक. ठक.

लोक किंचाळायचे. मग हसायचे. मग टाळ्या.

त्या रविवारी ताई पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर गेली होती. नवऱ्याची करामत बघू तरी, म्हणून. भाऊजींनाही जरा जास्तच चेव चढला होता.

त्यांनी वाजवलं. कान लावला. डोळे मोठे केले. टाच उचलायच्या आधीच...

ठक. ठक.

आतून. खालून. गुडघ्याच्या उंचीवरून.

जोरात नाही. दमलेल्या माणसाने ठोकावं तसं.

लोक किंचाळले आणि हसायला लागले. एक निवृत्त पोस्टमास्तर होते, ते म्हणाले, "वा! काय जमवलंय हो! अगदी आतून आल्यासारखं!"

भाऊजींचा कान अजून दारालाच चिकटलेला.

पुन्हा... ठक.

मग नखं घासल्यासारखा आवाज...

मग काहीच नाही.

आता बघा, त्या दाराची शिस्त त्या अख्ख्या घोळक्यात एकाच माणसाला तोंडपाठ होती. तोच दर रविवारी घसा फोडून ती सगळ्यांना सांगत होता. आतून ठोकलं की उघडायचं.

भाऊजी वळले. टाळ्या चालूच होत्या.

आणि त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला.

"चला, आता दीपगृह!"

पुढे त्यांची जीभ चालेना. दीपगृहाची माहिती त्यांनी काहीतरी भलतीच सांगितली. माणसं पांगली. मग ताई जवळ आली.

"तुमची टाच हलली नव्हती," ती म्हणाली.

"हलली होती गं. तुला दिसली नसेल."

"मी पायांकडेच बघत होते."

"मग कोणीतरी आत शिरून चेष्टा केली असेल."

"असेल ना! मग तो आत अडकला नाही का? उघडून का नाही बघितलं?"

भाऊजी वाळूकडे बघत म्हणाले, "सगळे टाळ्या वाजवत होते."

ताई सांगते, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांचा चेहरा असा पडलेला तिने कधी पाहिला नव्हता. शरमेने मान वर होईना.

दोघं तसेच मागे फिरले. ऊन अजून होतं. कडी गंजून घट्ट बसलेली, दोघांनी मिळून ओढली. दार करकरत उघडलं.

आत... खोलीच नव्हती.

मागची भिंत कधीतरी समुद्रात कोसळली होती, पुढून ते कधी दिसलंच नव्हतं. छप्पर नव्हतं. समोर नुसतं पाणी, खाली खडकांवर आपटणारी भरती. दाराला लागून पाटाएवढी फरशी तेवढी उरली होती. तिच्यावर वाळूचा थर.

वाळूवर एकही पाऊल नव्हतं...

ताईने दाराच्या आतल्या बाजूवर तळवा टेकला आणि झटकन काढून घेतला. दिवसभर ऊन खाल्लेलं दार ते. पण बोटं बधिर व्हावीत इतकं गार होतं.

भाऊजी उंबऱ्यातच बसले. "मी वाकून नमस्कार केला गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

त्यांच्या सहली बंद झाल्या. लोकांचे फोन येतात, ते उचलत नाहीत. मी एकदा समजूत घालायला गेलो. म्हटलं, "भाऊजी, तिथे भिंतच नाही. अडकणार कोण?"

"अरे, ते मला नंतर कळलं," ते म्हणाले. "ठोकलं तेव्हा माझ्या लेखी आत माणूस होता. जिवंत माणूस. आणि मी त्याला तसाच टाकून निघून आलो."



आता दर रविवारी ते आणि ताई, दोघंच तिथे जातात. भाऊजी दारावर वाजवतात. कान लावतात. खूप वेळ थांबतात. काही ऐकू येत नाही. तरी उघडून बघतात आणि पुन्हा लावतात. "एकदा, फक्त एकदा त्याने ठोकू दे," म्हणतात, "मी लगेच उघडेन."

गेल्या रविवारी शिंपले वेचणारी एक बाई कडेवर टोपली घेऊन तिथून चालली होती. भाऊजी दाराला कान लावून उभे. बाई थांबली. थोडा वेळ बघत राहिली आणि एकदम खेकसली,

"अहो, बहिरे आहात का? कोणीतरी केव्हाचं आतून ठोकतंय! उघडा की!"

भाऊजींनी धडपडत दार उघडलं.

पाणी... वारा... कोणी नाही.

बाईने आत डोकावलं आणि ती शिंपले सांडत, मागे न बघता निघून गेली. भाऊजी ताईकडे वळले.

"मला काहीच ऐकू आलं नाही गं," ते म्हणाले. "तुला?"

ताईने मान खाली घातली.

"मला दर रविवारी येतं," ती म्हणाली. "तुम्हाला कसं सांगू?"

हे तिने मला काल फोनवर सांगितलं, रडत रडत. येत्या रविवारी तू पण चल, म्हणाली.

मी अजून हो म्हटलेलं नाही.